प्रतीक्षा यादीत पहिली

टक्. भाताच्या कुकरचा खटका वर उडाला आणि स्वयंपाकघरातला वर्ग दचकला.

वर्ग म्हणजे चार खुर्च्या. तीन रिकाम्या, चौथीवर रुओनिंगची लेक मीली, गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. रुओनिंगने प्रश्न विचारून बराच वेळ झाला होता. तिच्या हातात कागदाच्या दोन गोल चकत्या होत्या, एकीचे तीन भाग केलेले, दुसरीचे चार. खटका उडेपर्यंत पंख्याच्या पात्यांशिवाय घरात काही हलत नव्हतं.

"सांग ना," रुओनिंग म्हणाली. "तिनातला एक तुकडा मोठा, की चारातला एक?"

"चारातला."

"का बरं?"

"चार मोठे असतात. मी चार वर्षांची होते तेव्हा तीन वर्षांच्या मीलीपेक्षा मोठी होते." मीलीने खुर्चीवरून पाय खाली सोडले. "भात झाला. शाळा सुटली."

रुओनिंगला हसू आलं. परीक्षा चार दिवसांवर आली होती. परीक्षेतली मुलं असली उत्तरं देत नाहीत. कारण परीक्षेत मुलं नसतातच.

शिक्षकाची कायम जागा हवी असेल तर लेखी परीक्षेनंतर रिकाम्या वर्गात उभं राहून शिकवून दाखवावं लागतं. बाकं खरी, फळा खरा, मागच्या भिंतीशी बसलेले तीन परीक्षक खरे; मुलं तेवढी आपण मनाने बसवायची. त्यांना प्रश्न विचारायचा, त्यांनी न दिलेलं उत्तर ऐकायचं, "वा, तिसऱ्या गटाने छान सांगितलं" म्हणायचं आणि पुढे सरकायचं. पंधरा मिनिटांत ओळख, उकल आणि सारांश, तिन्ही टप्पे झाले पाहिजेत. उमेदवार आपसात याला हवेला शिकवणं म्हणतात. एखादा हुशार उमेदवार एका मुलाकडून मुद्दाम चुकीचं उत्तरही देववतो, म्हणजे वीस सेकंदांत ते दुरुस्त करून दाखवता येतं. हवेतली मुलं वीस सेकंदांत शहाणी होतात. त्यांच्यासारखी गुणी मुलं जगात कुठे नाहीत.

रुओनिंगला हवेला शिकवायला लागून आठ वर्षं झाली होती. दर उन्हाळ्यात दोन-तीन जिल्हे, दोन-तीन परीक्षा. मधल्या वर्षांत ती बदली शिक्षिका होती, म्हणजे वर्षाचा करार. जुलै संपला की बाडबिस्तरा. डोंगरातल्या शाळेत अकरा मुलं, रेल्वेकाठच्या शाळेत चौतीस, आणि आता दोन वर्षं या खाऱ्या वाऱ्याच्या बुदाई बंदरात सव्वीस. सव्वीसही नावं पाठ व्हायची, कुणाला शेंगदाण्याने पुरळ येतं, कुणाचा बाप बोटीवर असतो, कुणाला मोठ्याने वाचायला सांगायचं नाही, सगळं ओळखीचं व्हायचं, आणि मग दुसऱ्या कुणाच्या हातात हजेरीपट देऊन निघायचं. पायाला भिंगरी लावून घ्यायची हौस तिला कधीच नव्हती.

ते तिने सोसलंही असतं. पण दोन वर्षांपूर्वी बालवाडीच्या पहिल्या दिवशी मीलीला बाईंनी नाव विचारलं, तर ही म्हणाली, "मी मीली. मी इथे एका वर्षासाठी आहे." बाई हसल्या. रुओनिंग दाराबाहेर चपला नीट लावत होती. तिच्या हातातली चप्पल तशीच राहिली. एका वर्षाची दोन झाली ती निव्वळ नशिबाने. आता सप्टेंबरात मीली पहिलीत जाणार होती, आणि रुओनिंगने कुणाला न सांगता मनाशी बांधलेली गाठ एवढीच होती की लेकीने पहिलीच्या बाईंना ते वाक्य सांगू नये.

बंदराजवळच्या याच शाळेत या वर्षी कायमची एक जागा निघाली होती. एकच.

"वेई बाई, आहात ना?" घरमालकीण कुओ काकूंनी दारातून रुओनिंगला आडनावाने हाक मारली आणि पाठोपाठ त्या आत आल्या, काखेत सेलरीची जुडी, कांद्याची पात आणि एक मुळा. "चला, तुमच्या त्या परीक्षेच्या कागदाची नक्कल द्या. देवळात विद्येच्या देवापुढे ठेवून येते. जुडी मी आणली, नवस तुम्ही बोला."

"काकू, मागच्या वर्षीपण ठेवली होती."

"मागच्या वर्षी जुडी सुकलेली होती. देव काय आंधळा आहे?" काकूंनी चकत्यांकडे पाहिलं. "आणि हे काय, कागद कापत बसलात? जुलै संपायच्या आत सांगा हं, राहणार की जाणार. माझी भाची खोली मागतेय. मी तिला झुलवतेय, पण किती दिवस झुलवू?"

रुओनिंगने नक्कल दिली. राहणार की जाणार, हे तिला तरी कुठे ठाऊक होतं? रात्रपाळीला निघालेल्या बोयेनचा फोन आला तेव्हा तिने काकूंची नक्कल करून दाखवली. नवरा तिकडे उत्तरेत कारखान्यात, चार दिवस तिथे, दोन दिवस इथे. तो हसला आणि मग जपून म्हणाला, "नाही झालं तरी बिघडत नाही हं. संध्याकाळची शिकवणी काढ. शहरात बायका त्यावर घरं चालवतात."

"शिकवणीत येतात त्यांना निम्मं आधीच येत असतं."

"मग बरंच की."

"त्यात शिकवायचं काय उरतं?" ती म्हणाली. मग त्याने मीलीला फोन द्यायला सांगितलं.

परीक्षेच्या सकाळी यिहान आपल्या पिवळ्या स्कूटरवर आली. पांढरा सदरा, काळी विजार, केस जाळीत बांधलेले. रुओनिंगचाही अवतार तोच होता. यिहान तिच्याहून सहा वर्षांनी लहान, शेजारच्या वर्गाची बदली शिक्षिका. दोन वर्षं दोघी डब्यातलं वाटून खात होत्या आणि शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात एकमेकींच्या परीक्षक होत होत्या. जागा एक आणि उमेदवार आपण दोघी, हा विषय मात्र डब्यासोबत कधी उघडला नव्हता.

"ताई, घट्ट धर. बाबांच्या तळ्याजवळ रस्ता उखडलाय," यिहान म्हणाली. तिच्या वडिलांची शिंपल्यांची तळी होती. "त्यांनी आजच सांगून टाकलंय सगळ्यांना, पोरगी इथेच लागणार म्हणून. मी म्हटलं, अहो, निकाल तरी लागू दे. तर म्हणतात, निकालानंतर काय, कुणीही सांगेल."

"आणि चीवेई?" चीवेई म्हणजे तिचा ठरलेला नवरा, दूर उत्तरेत ताओयुआनला असायचा. तिकडचीही परीक्षा यिहानने दिली होती. तिचा निकाल यायचा होता.

"तो म्हणतो, तू येशील तेव्हा येशील. असल्या माणसाचा फार राग येतो. भांडायलासुद्धा जागा ठेवत नाही."

दुसऱ्या फेरीला बारा जणी उरल्या होत्या. प्रतीक्षा खोलीत फोन जमा झाले, चिठ्ठ्या निघाल्या. यिहानला सातवा क्रमांक, रुओनिंगला अकरावा. तिथून पुढे कुणाला नाव नव्हतं; परीक्षकांसमोर नाव किंवा शाळा चुकूनही उच्चारली तर गुण जातात. एकजण भिंतीकडे तोंड करून हातवारे करत होती, तिसऱ्या गटाला शाबासकी देत होती. रुओनिंग बसली, उठली, पाणी प्यायली, पुन्हा बसली. सात क्रमांक गेला आणि परत आला नाही. बाहेर पडलेल्यांना परत येऊ देत नसत.

अकरा क्रमांकाच्या हातात आला तो पाठ तिसरीतल्या अपूर्णांकांचा होता. देवाला जुडी पावली म्हणायची. रुओनिंगने हा पाठ चार खुर्च्यांपुढे इतक्यांदा घेतला होता की झोपेतही घेतला असता.

ओळख छान झाली. उकलही चालू झाली. फळ्यावर दोन गोल, एकाचे तीन भाग, एकाचे चार. "मोठा तुकडा कुठला?" तिने विचारलं, आणि ठरल्याप्रमाणे एका मुलीकडून चुकीचं उत्तर घ्यायचं म्हणून बोट दाखवलं. "दुसऱ्या रांगेतली, खिडकीजवळची. सांग बरं."

चारातला, मुलगी म्हणाली. कारण चार मोठे असतात.

इथे रुओनिंगने म्हणायला हवं होतं, "चला, सगळे मिळून तपासू या." वीस सेकंद. पण तिला ती मुलगी दिसली. गुडघे पोटाशी घेऊन बसलेली, आपण चुकतोय याची जराही शंका नसलेली. अशा चेहऱ्यापुढे "चला, तपासू या" म्हणून पुढे कसं जायचं? ती फळ्यापासून निघाली, रिकाम्या बाकाशी गेली आणि खाली बसली.

"तुझ्या घरी किती जण जेवता?"

तीन.

"आणि पाहुणी आली तर?"

चार.

"मग भाकरी तेवढीच असेल तर तुझ्या वाट्याला जास्त येते, की कमी?"

मुलगी विचार करू लागली. रुओनिंग थांबली. खऱ्या वर्गात ती नेहमी थांबायची. मूल विचार करत असताना त्याच्या डोक्यावरून बोलू नये, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, तिला ते आपोआप कळलं होतं. रिकाम्या बाकापुढे उकिडवी बसून ती एका नसलेल्या पोरीच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. मागे परीक्षकांचे पेन थांबले. कुणाची तरी खुर्ची करकरली.

पाहुणी मीच असेन तर, मुलगी म्हणाली. रुओनिंगला अगदी तिच्या आवाजात ऐकू आलं. आणि ती त्या पाहुणीची समजूत काढू लागली, तेवढ्यात घंटा वाजली: एक मिनिट उरलं. ती धडपडून उठली, फळ्याकडे धावली, सारांशाचे दोन शब्द लिहिले. तिसऱ्या शब्दाला घंटेचे दोन टोले पडले: वेळ संपली.

फाटकाबाहेर यिहान वाट पाहत उभी होती. "कसं झालं?"

"एकीला कळलंच नाही."

"कुणाला?"

"दुसऱ्या रांगेतलीला."

यिहान तिच्याकडे बघत राहिली आणि मग एवढ्या जोरात हसली की रखवालदाराने मान वळवली. "ताई, ती मुलगी तूच बसवलीस ना? तुला हवी तेव्हा हुशार झाली असती ती."

"झाली नाही," रुओनिंग म्हणाली. तिलाही हसू आलं, पण ते ओठांपर्यंतच.

संध्याकाळी पाच वाजता शाळेच्या संकेतस्थळावर निकाल लागला. निवड: क्रमांक सात. प्रतीक्षा यादीत पहिली: क्रमांक अकरा. दोघींमध्ये अर्ध्या गुणाचं अंतर.

"पहिली आलात?" कुओ काकूंनी जिन्यावरूनच विचारलं.

"पहिलीच. पण प्रतीक्षेत."

"म्हणजे ताटावर बसलात, पण वाढायचं अजून ठरलेलं नाही." काकूंना स्वतःचंच बोलणं लागलं असावं. थोड्या वेळाने त्या शिंपल्यांचं सूप घेऊन आल्या आणि चुलीवर ठेवून गेल्या.

नियम साधा होता. निवड झालेल्या उमेदवाराने गुरुवारी सकाळी नऊ ते बारा या वेळेत शिक्षक प्रमाणपत्राची मूळ प्रत घेऊन शाळेत हजर व्हायचं. बारापर्यंत आली नाही तर जागा यादीतल्या पहिलीला. अशा तऱ्हेने जागा मिळालेल्या बायका रुओनिंगला ठाऊक होत्या, आणि बारा वाजायला चार मिनिटं असताना घामाघूम होऊन हजर झालेल्याही.

बुधवारी दुपारी यिहानचा फोन आला. आवाज बसलेला. "ताई, ताओयुआनचा निकाल लागला. तिकडेही झाली निवड."

"अभिनंदन."

"कसलं अभिनंदन? तिकडेही उद्याच हजर व्हायचंय, तीच वेळ. प्रमाणपत्राची मूळ प्रत एकच असते." तिच्या मागे पाण्याच्या पंपाचा आवाज येत होता, ती तळ्यावर होती. "बाबांनी शिंपले काढून गावभर वाटले. दुखरा गुडघा धरून धरून घरोघरी गेले. आता त्यांना काय सांगू? आणि तिकडे तो, काहीच म्हणत नाही."

रुओनिंगने भांडी घासायचा हात थांबवला.

"ताई, तू सांग. तू म्हणशील तसं करते मी."

जा. एवढा एकच शब्द, तोही खरा. चीवेई चांगला होता, ताओयुआनची शाळा मोठी होती, पोरीने आपल्या संसाराजवळ राहावं असं कुठलीही थोरली बहीण म्हणाली असती. शब्द जिभेच्या टोकावर होता आणि म्हणूनच रुओनिंगला त्याची भीती वाटली.

"मी नाही सांगणार."

"का?"

"कारण मी काय सांगेन ते मला माहीत आहे."

पंप चालू राहिला. मग यिहान म्हणाली, "मलाही माहीत आहे. म्हणूनच विचारलं." आणि आणखी थोड्या वेळाने, "तुला राग येईल, पण मला इथल्या शाळेचं ते तळ्याकडचं प्रवेशद्वार फार आवडतं. पोरं चिखलाच्या पायांनी येतात ना, ते."

"मलाही आवडतं," रुओनिंग म्हणाली. "जेवलीस का?"

"नाही."

"जेव आधी."

फोन ठेवल्यावर तिने घासलेली भांडी पुन्हा घासली. स्वतःचा राग आला तो कशासाठी, ते तिला नीट सांगता येईना. जा म्हटलं नाही म्हणून, की म्हणावंसं वाटलं म्हणून.

गुरुवारी सकाळी तिने मीलीची पुस्तकं खोक्यात भरली, मग काढून फळीवर लावली. नऊ दहाला बोयेनचा निरोप: काही कळलं? नऊ पंचविसाला पुन्हा. तिने फोन पालथा ठेवला, सुलटा केला, पुन्हा पालथा ठेवला. शाळेतून फोन आला तर याच फोनवर येणार होता, म्हणजे खिशातच. त्यासाठी घरात थांबायची काही गरज नव्हती, असं तिने स्वतःला पटवलं.

"मीली, टोपी घाल. लसूण आणायला जाऊ."

"लसूण?" जिन्यात कुओ काकू मासे साफ करत बसल्या होत्या. "तुमच्या दाराला दोन माळा टांगल्यात, वेई बाई."

"तो जुना झालाय."

"महिन्यापूर्वी मीच दिलाय तो," काकू म्हणाल्या. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी मान खाली घातली आणि सुरी चालवू लागल्या. "जा, जा. चांगला बघून आणा."

बाजार डावीकडे होता. रुओनिंगने स्कूटर उजवीकडे वळवली.

शाळेसमोर रस्त्यापलीकडे वडाचं झाड होतं. तिने सावलीत स्कूटर लावली. मीली पुढच्या पायफळीवर उभी राहिली, हातात कोहळ्याच्या थंड चहाचा पेला. दहा चाळीस. रखवालदार फाटक अर्धं उघडं ठेवून वर्तमानपत्र वाचत होता. अकरा. यिहान ताओयुआनला गेली असेल तर तिला पहाटेच निघावं लागलं असेल. म्हणजे आता ती तिकडे पोचून सहीसुद्धा करून बसली असेल. पण गेली असती तर कळवलं नसतं का? आणि कळवलं नाही म्हणजे ती इथेच कुठेतरी आहे, वडिलांसमोर बसून रडते आहे, किंवा जोडे घालते आहे. रुओनिंग गणित करत होती आणि दर वेळी उत्तर वेगळं येत होतं.

एका बाईची स्कूटर वळली. पिवळी. बाई जवळ आली. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, मागे जाळीची टोपली, तळ्यावरची कुणी कामकरीण. ती पुढे निघून गेली, आणि रुओनिंगला एवढं हायसं वाटलं की तिला लाज वाटली. पोरीला स्वतःच्या डब्यातलं अंडं काढून दिलं होतं आपण. पोरगी परीक्षेच्या सकाळी घरी येऊन आपल्याला न्यायला विसरली नव्हती. एकटी गेली असती तरी चाललं असतं.

अकरा वीस. रखवालदाराने पान उलटलं. शाळेच्या कार्यालयातल्या बाई व्हरांड्यात येऊन रस्त्याकडे पाहून आत गेल्या. त्याही मोजत असतील. रुओनिंगने फोन काढून यिहानचं नाव उघडलं, बोट धरून ठेवलं आणि पुन्हा मिटलं. विचारायचं तरी काय? येतेस का, असं विचारलं तर ते ये असं ऐकू येईल, की येऊ नकोस असं?

"आपण इथे काय करतोय?" मीलीने विचारलं.

"वाट बघतोय."

"कुणाची?"

"यिहान मावशीची."

मीलीने पेला खाली ठेवला. टोपी मागे सारून दोन्ही हात कपाळाशी धरले आणि रस्त्याच्या पार टोकापर्यंत, जिथे तळ्यांच्या पाण्यावर ऊन तळपत होतं तिथपर्यंत, डोळे बारीक करून मोठ्या जबाबदारीने पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. मग तिने मान वर करून आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तिथे मात्र ती बराच वेळ पाहत राहिली.

"आई," ती म्हणाली, "ती यावी म्हणून वाट बघतोय, की येऊ नये म्हणून?"